माहेरची खुर्ची

लोणावळ्यातल्या आमच्या छोट्या हॉस्पिटलात दर शनिवारी दुपारी एक बैठक भरते, आणि त्या बैठकीचा मला भयंकर अभिमान आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की बाई स्वतःचीच टिमकी वाजवते. वाजवतेच. पंचवीस वर्षं छातीच्या विकारांची डॉक्टर म्हणून लोकांचे खोकले ऐकल्यावर एवढा हक्क मिळायला हरकत नाही.

माझं माहेर तळेगावचं, सासर लोणावळ्याचं. म्हणजे आयुष्यात मी फार लांब गेलेले नाही. शिकायला तेवढी मुंबईत होते. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात कॅन्सरच्या पेशंटसाठी सगळ्या तज्ज्ञांची बैठक असायची. लांबलचक टेबल, थंडगार खोली. ऑपरेशन करणारे, औषधं देणारे, किरणांचा शेक देणारे, स्कॅन वाचणारे, गाठीचा तुकडा तपासणारे, सगळे एकत्र. एका पेशंटचे फोटो पडद्यावर लागायचे, मग प्रत्येकानं आपलं मत मांडायचं, कडाकडा भांडायचं आणि उठताना एकच निर्णय घेऊन उठायचं. मला ती पद्धत फार आवडली होती. एकट्या डॉक्टरच्या हुशारीवर माझा कधीच विश्वास बसलेला नाही. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या बाबतीत तर मुळीच नाही.

मावळात परत आले तर इथे सगळं उलटं चाललेलं. इथे डॉक्टर आपापल्या जागी बसलेले आणि पेशंट गरागरा फिरणारा. एक्स-रे एका गावात, सीटी स्कॅन दुसऱ्यात, तुकडा तपासायला पुण्याला. प्रत्येक डॉक्टर आपल्यापुरतं सांगून मोकळा. त्यात आपल्याकडे छातीच्या फोटोत डाग दिसला की पहिला संशय क्षयाचा. संशय घेण्यात चूक नाही, क्षय आपल्याकडे आहेच भरपूर. पण तपासणीत जंतू सापडलेले नसतानाही क्षयाच्या गोळ्या चालू करायच्या आणि महिनोन्‌महिने गुण येण्याची वाट बघायची, या नादात आतला कॅन्सर निवांत वाढत राहतो. असे पेशंट शेवटी माझ्यासमोर येऊन बसायचे तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक जायची. घरी येऊन मी नवऱ्यावर चिडायचे. तो बिचारा बँकेत आहे, त्याचा काय दोष?

मग एक दिवस ठरवलं, फिरायचं ते डॉक्टरांनी, पेशंटनं नाही.

सर्जन पुण्याचे. तुंगार्लीला त्यांचा बंगला आहे आणि शनिवार-रविवार ते तिथे विश्रांतीला येतात, हे मला कळलं आणि त्यांची विश्रांती संपली. तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई तळेगावच्या, माझ्याच शाळेतल्या, त्यामुळे त्यांना नाही म्हणायची सोयच नव्हती. कॅन्सरची औषधं देणारे डॉक्टर प्रत्यक्ष येत नाहीत, मोबाईलच्या पडद्यावर येतात. मोबाईल सलाईनच्या बाटलीला टेकवून ठेवला की ते नीट दिसतात, फक्त अधूनमधून त्यांचा आवाज जातो आणि मग ते हातवारे करत बसतात. श्वासाचे व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट आमचीच. आणि आमच्या सिस्टर, ज्यांच्यावाचून हॉस्पिटलचं पान हलत नाही. लांब टेबल नव्हतं, म्हणून एक्स-रेच्या खोलीत खुर्च्या टाकल्या. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. आम्ही पाय आखडले नाहीत, अंथरुणालाच ठिगळं जोडली.

पहिल्या काही शनिवारी सर्जन हाफ पँटवर आले आणि घड्याळ बघत बसले. नंतर घड्याळ बघायचं थांबले. हाफ पँट मात्र राहिली.

त्या वर्षी भात पोटरीत आलं होतं, लोंब्या फुटायच्या बेतात होत्या, तेव्हा टाकवे बुद्रुकची एक मावशी माझ्याकडे आली. साठीच्या आसपासची, अंगानं काटक, बोलायला तिखट. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा तिथल्याच एका कारखान्यात कामाला. विडी-सिगारेटला तिनं आयुष्यात हात लावला नव्हता, पण जन्मभर चुलीच्या धुरात बसली होती. खोकला कित्येक महिन्यांचा. कुठेतरी क्षयाचं औषध सुरू झालं होतं आणि गुण काही येत नव्हता. फोटो बघून मला शंका आली. सीटी केला, सुईनं तुकडा काढला, पुण्याला पाठवून सगळ्या शरीराचा स्कॅन करून घेतला. धावपळ मुलाला करावी लागली ती तेवढीच, बाकी सगळं सिस्टरांनी फोनवरून जुळवलं.

शनिवारी तिचे फोटो आम्ही लाईटबॉक्सवर लावले. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात गाठ होती, कॅन्सरचीच होती, पण तिथून हललेली नव्हती. अशी गाठ आमच्या वाट्याला क्वचित येते. आमच्याकडे माणसं पोचतात तेव्हा बहुतेक वेळा सर्जनांना करण्यासारखं काही उरलेलंच नसतं. ते पुढे झुकून बराच वेळ फोटो बघत राहिले आणि म्हणाले, "ही बरी होऊ शकते. पण आत्ता. थांबलो तर पसरेल, आणि पसरली की मला बोलवू नका."

पैशांचा प्रश्न नव्हता, सरकारी योजनेत सगळं बसत होतं. ऑपरेशन पुण्यात, त्यांच्या हॉस्पिटलात व्हायचं होतं. आधीची तयारी आणि नंतरची देखभाल आमच्याकडे. फिजिओथेरपिस्टनं मावशीला नळीतून श्वास ओढून प्लास्टिकचे तीन चेंडू वर उचलायला शिकवलं. मावशीनं पहिल्यांदा एकच उचलला आणि म्हणाली, "नातवाचं खेळनं दिलं व्हय मला?" आठवड्याभरात ती तिन्ही उचलायला लागली आणि शेजारी व्यायामाला बसलेल्या बाईला हिणवायला लागली. मी मुलाला तारीख सांगितली. तो म्हणाला, "व्हय मॅडम." मी म्हटलं, आदल्या दिवशी पुण्यात भरती. तो म्हणाला, "व्हय मॅडम." आजाराचं नाव आईला सांगू नका, एवढं मात्र त्यानं दोनदा बजावलं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सर्जनांचा फोन आला. "तुमची मावशी कुठाय? काल आली नाही, आजही नाही. मी थिएटर उघडून बसलोय."

मुलाचा फोन बंद. मी ओपीडी धाकट्या डॉक्टरांवर सोपवली, सिस्टरांना गाडीत बसवलं आणि निघाले. कान्ह्याचं रेल्वे फाटक नेमकं बंद होतं. तिथे थांबून मी त्या मुलाला, त्याच्या कारखान्याला आणि रेल्वेला जे काही बोलले ते सिस्टरांनी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

टाकव्यात पोचलो तर भाताची झोडणी चाललेली. आणि खळ्यावर, धुळीत, तोंडाला पदर बांधून, आमची मावशी सुपानं भात वारत उभी! ज्या फुप्फुसासाठी पुण्यात थिएटर उघडून बसले होते, त्या फुप्फुसात ती भाताचा कोंडा भरत होती. माझा पारा चढला. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही आज कुठे असायला हव्या होतात?"

"या या बाई," ती म्हणाली, "बसा. च्या टाकते."

ओसरीवर तिचे थोरले दीर बसले होते. गावात सगळे त्यांना आबा म्हणतात. मुलगाही होता, जमिनीकडे बघत. मी विचारलं, ऑपरेशन करायचं नाही का? आबा गडबडून म्हणाले, "छ्या छ्या, न्हाई कोन म्हनतंय? करायचं की. जरा भात घरात येऊ द्या." मी म्हटलं, भात दुसरं कुणीही झोडेल. "व्हय, ते बी खरं हाय," आबा म्हणाले. मी म्हटलं, मग उद्या नेऊ? "नेऊ की. बगू." आमच्या मावळात डॉक्टरच्या तोंडावर कुणी नाही म्हणत नाही, तो उद्धटपणा होतो. मी जे म्हणत होते त्याला सगळे हो म्हणत होते आणि जागचं कुणी हलत नव्हतं. भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

हात धुवायचं निमित्त करून मावशीच्या जावेनं मला मागच्या पडवीत नेलं आणि हळूच म्हणाली, "बाई, भाताचं निमित्त हाय. खरं कारन म्हायेरचं हाय."

मग तिनं सांगितलं ते असं. मावशीचा सख्खा भाऊ पवन मावळात असतो. मावशीच्या थोरल्या लेकीच्या लग्नात मामा म्हणून फेट्याचा पहिला मान त्याचा. गडबडीत कुणीतरी दुसऱ्याच पाव्हण्याला आधी फेटा बांधला. मामा भरल्या ताटावरून उठला आणि गेला. तेव्हापासून दोन्ही घरांचं येणंजाणं बंद, बोलणं बंद. तो ना दिवाळीला आला ना कधी निरोप धाडला.

"आता सांगा," जाऊ म्हणाली, "हिला तितं टेबलावर काय झालं, तर तो इचारनारच, आमाला न सांगता आमची बहीन कापायला दिली कशी? त्याला काय त्वांड दावायचं? म्हनून कुनी सही करंना. लेक म्हनतो आबांनी करावी, आबा म्हनत्यात लेकानं करावी."

शिकलेली माणसं याला अडाणीपणा म्हणतील. मी म्हणत नाही. माझ्या आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा माझ्या वडिलांनी आधी तिच्या भावाला बोलावून घेतलं होतं, आणि माझे वडील हेडमास्तर होते. लग्न होऊन गेलेल्या बाईच्या जिवाचा जाब विचारणारं एक घर मागे असतं. त्या घराचा धाक असतो म्हणून कितीतरी सासरं सरळ वागतात. तो धाक मला हवाच आहे. फक्त या वेळी तो उलटा लागला होता. जी माणसं तिच्यासाठी भांडली असती त्यांच्याच भीतीनं तिचा जीव खळ्यावर अडकला होता.

पडवीत उभ्या उभ्या माझ्या लक्षात आलं की आमच्या शनिवारच्या बैठकीच्या आधीच टाकव्यात एक बैठक बसलेली असते, आणि तिचा निर्णय आमच्यापेक्षा वजनदार असतो. मुंबईच्या त्या लांब टेबलाशी मामाची खुर्ची नव्हती, म्हणून आम्हीही ठेवली नव्हती. ती पद्धत थंडगार खोलीत ठीक होती. इथे एक खुर्ची कमी पडत होती.

मी ओसरीवर येऊन आबांना सरळ विचारलं, "तिच्या भावाला बोलावणं धाडायचं का?"

आबांनी मुलाकडे बघितलं, मुलानं जमिनीकडे. मग आबा म्हणाले, "धाडायचं तर कुनीतरी जाया पायजे. फोनवर तो यायचा न्हाई. आन् आमी गेलो तर दारात उबं करनार न्हाई."

"मी जाते."

"तुमी? तुमी त्येंच्या कोन लागता?"

"डॉक्टर लागते," मी म्हटलं. एवढा वेळ जमिनीकडे बघणारा मुलगा पहिल्यांदा हसला.

सिस्टर कामशेतच्या. बोलावण्याला रिकाम्या हातानं जायचं नसतं, म्हणून त्यांनी वाटेत ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली आणि नारळ घेतला. मी म्हटलं, आपण कॅन्सरचं सांगायला निघालोय, नारळ कसला घेऊन जाता? त्या म्हणाल्या, "मॅडम, बोलावणं ते बोलावणं." आमची यावर गाडीत बारीकशी वादावादी झाली. नारळ मांडीवर घेऊन मीच बसले.

मामा त्यांच्या गुलाबाच्या पॉलीहाऊसमध्ये होते. उंच, वाळलेले, डोक्याला गमछा. हातात कात्री, बाजूला लाल गुलाबांच्या पेंढ्या, शहरात जायला तयार. मी कोण ते सांगितलं आणि त्यांची बहीण आजारी आहे म्हटलं.

"खोकला हाय म्हनून ऐकलं व्हतं," ते म्हणाले. कात्री चालूच होती.

मी आजाराचं नाव सांगितलं. कात्री थांबली. ते तिथल्याच एका क्रेटवर बसले. मग म्हणाले, "आन् मला कुनी सांगितलं बी न्हाई."

"म्हणूनच आलेय."

"तेंनी धाडलं तुमाला?"

खरं सांगायचं तर उत्तर दोन्हीकडून अडचणीचं होतं. हो म्हटलं तर खोटं, नाही म्हटलं तर अपमान. मी म्हटलं, "बैठक आमच्या हॉस्पिटलची आहे. शनिवारी आहे. तुमच्या बहिणीचा निर्णय व्हायचाय आणि तुमच्याशिवाय आम्ही तो घेणार नाही. म्हणून बोलावणंही आमचंच." आणि नारळ पुढे केला.

त्यांनी नारळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मागे उभ्या असलेल्या सिस्टरांकडे बघितलं. गमछ्याला हात पुसून दोन्ही हातांनी नारळ घेतला. "शनवारी किती वाजता?" त्यांनी विचारलं. सिस्टर पुढे सबंध रस्ताभर नुसत्या खिडकीबाहेर बघून हसत होत्या.

शनिवारी एक्स-रेच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. आम्ही सगळे, मोबाईलच्या पडद्यावरचे डॉक्टर, मुलगा, आबा. मावशीसाठी मी मुद्दाम एक खुर्ची ठेवायला सांगितली होती. मुलगा कानाशी येऊन म्हणाला, "मॅडम, तिच्याम्होरं नाव नका काढू." मी म्हटलं, तिच्याच छातीत आहे, तिच्यापासून काय लपवायचं? मावशीनं ते ऐकलं. "म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "तुमची तोंडं बगूनच कळलं कवाच. उगा कशाला कुजबुजता?"

तेवढ्यात मामा दारात आले. पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा. दारातच थांबले. सर्जन माझ्याकडे बघायला लागले, कारण त्यांना काहीच माहीत नव्हतं. लाईटबॉक्ससमोरची सगळ्यात चांगली खुर्ची आबांनी आल्या आल्या पटकावली होती. ते उठले. ती खुर्ची त्यांनी स्वतःच्या हातानं मामांपुढे सरकवली, उपरण्याच्या टोकानं पुसली आणि म्हणाले, "हितं बसा, पाव्हनं."

मामा बसले. आबा भिंतीला टेकून उभे राहिले. मी इतक्या वर्षांत त्या खोलीत कितीतरी अवघड निर्णय बघितले, पण खुर्ची अशी सरकताना कधी बघितली नव्हती.

सर्जनांनी फोटो लावला. पुण्यात थिएटरमध्ये ते कुणाला उभं करत नाहीत म्हणे, पण त्या दिवशी त्यांनी पेन्सिल घेऊन मामांना शांतपणे सगळं समजावलं. मामांनी विचारलं, "किती काढनार?"

"उजव्या फुप्फुसाचे तीन भाग असतात. त्यातला खालचा."

"उरल्याल्यावर ती चालंल?"

फिजिओथेरपिस्ट म्हणाली, आत्ताच ती आमचा जिना न थांबता चढते. "ते चेंडू बी उचलती तिन्ही," मावशी मधेच म्हणाली.

"टेबलावर मरंल का?"

मोबाईलच्या पडद्यावरचे डॉक्टर काहीतरी गोड बोलायच्या बेतात होते, पण त्यांचा आवाज नेमका गेला. सर्जन म्हणाले, "मरू शकते. शक्यता कमी आहे, पण आहे. नाही केलं तर मात्र या गाठीनं नक्की मरेल, आणि त्रास काढून मरेल."

मामांनी मान हलवली. सगळे त्यांच्याकडे बघत होते. निर्णय त्यांच्या तोंडून यायचा आहे असं मीही धरूनच चालले होते. मामा मागे वळले आणि बहिणीला म्हणाले, "सांग."

"मी काय सांगू?" मावशी म्हणाली. "तू सांग, आबा सांगत्याल."

"मी हितं बसलोय ते तुझ्या बाजूनं. तू म्हनशील ते म्हनायला. तुला काय पायजे ते सांग."

मावशीनं पदर सावरला. "काढा," ती म्हणाली. "मला जगायचं हाय. नातवाचं लगीन बगायचं हाय."

नातू तेव्हा पहिलीत होता. सर्जन हसले आणि म्हणाले, "मग फार वर्षांचं काम दिसतंय."

मामा आबांकडे वळून म्हणाले, "एक हाय. नंतर ती म्हायेरी येनार. बाळंतपनाला आनली व्हती तशी मी घिऊन जानार. आमच्यात गॅस हाय, चुलीपाशी तिला जाऊ द्यायचो न्हाई." आबा म्हणाले, "न्ह्या की. तुमचीच हाय." आमच्या फिजिओथेरपिस्टनं माझ्याकडे बघितलं. ऑपरेशननंतर धुरापासून लांब ठेवा, आराम द्या, रोज चालवा, व्यायाम करून घ्या, हे आम्ही प्रत्येक घराला घसा फोडून सांगतो आणि बाई कामाला लावली जाते ती जातेच. इथे तर अख्खं माहेर आपणहून उभं राहिलं होतं. मामांच्या सुनेला व्यायाम शिकवायची व्यवस्था तिथेच ठरली. संमतीच्या कागदावर मुलानं सही केली, तर मामा म्हणाले, खाली माझं बी नाव घाला. तशी जागा त्या कागदावर नव्हती. सर्जन म्हणाले, "घाला हो, जागा करा."

ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात झालं. मी पुण्याला गेले होते. थिएटरच्या बाहेरच्या बाकावर एका टोकाला आबा, दुसऱ्या टोकाला मामा, मधे मुलगा. दुपारी बघते तर मुलगा चहा आणायला गेलेला आणि आबा आणि मामा मधोमध सरकून भाताच्या भावावर भांडत बसलेले. मी तिथून पाय न वाजवता परत फिरले.

काढलेल्या भागाचा रिपोर्ट सांगायला आमच्या तळेगावच्या डॉक्टरीणबाई स्वतः लोणावळ्याला आल्या. फोनवर सांगता आलं असतं, पण असे रिपोर्ट त्यांच्याही नशिबी क्वचित येतात. गाठ पूर्ण निघाली होती आणि आजूबाजूच्या छोट्या ग्रंथींमध्ये काहीही पसरलेलं नव्हतं. औषधांचीसुद्धा गरज पडली नाही. त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये भजी मागवली आणि शाळेत असल्यासारख्या खिदळलो.

तेव्हापासून आमच्या बैठकीची रीत बदलली. पेशंटची खुर्ची असतेच. बाई पेशंट असेल तर माहेरच्या माणसाची एक खुर्ची असते, आणि बोलावणं आमच्याकडून जातं, रीतसर. नवऱ्याच्या बाजूनं निर्णय घेणारं कोण आहे हे सिस्टर आधी शोधून ठेवतात. वेळ जास्त लागतो. सर्जनांना तुंगार्लीला पोचायला संध्याकाळ होते आणि त्यांच्या बायकोचा माझ्यावर राग आहे. पण तारीख दिलेला पेशंट न येण्याचा प्रकार आमच्याकडे आता क्वचितच होतो. मध्यंतरी शहरातले काही तरुण डॉक्टर आमची पद्धत बघायला आले. एकानं विचारलं, "मॅडम, एवढ्या नातेवाइकांना बैठकीत घेण्यात तज्ज्ञांचा वेळ जात नाही का?" मी म्हटलं, "जातो. न घेतल्यावर पेशंट जातो." सिस्टरांनी माझ्याकडे डोळे वटारले. मला तापट म्हणतात ते काही उगाच नाही. पण त्या मुलानं नंतर मला बाजूला घेऊन नीट सगळं विचारलं, आणि आता त्याच्या गावाकडच्या हॉस्पिटलात तशीच बैठक भरते असं कळतं. मोठ्या ठिकाणी शिकलेलं आम्ही इथे आणलं, इथल्या अंगाला बेतलं, आणि आता ते इथून पुढे चाललंय. याचा अभिमान वाटू नये तर कशाचा वाटावा?

मावशी परवा तपासणीला आली होती. एकटीच आली, कुणाला बरोबर घेतलं नव्हतं. तिचा नवा स्कॅन आम्ही शनिवारच्या बैठकीत लावला आणि मी तिला सांगितलं, सगळं चांगलं आहे, कुठे काही नाही. मला वाटलं ती हात जोडेल, देवाचं नाव घेईल. ती नुसती खोलीभर नजर फिरवत राहिली.

"बाई," ती म्हणाली, "माझ्या लग्नाची बैठक बसली व्हती तवा मी आत व्हते, चुलीम्होरं. भाईर समदे बसून माझंच ठरवत व्हते आन् मला आत कायबी ऐकू येत नव्हतं. जलमात माझ्यासाटी दोनच बैठकी बसल्या. ह्या बैठकीत मला खुर्ची दिली. आन् इचारलं."

सर्जन खिशात चष्मा शोधायला लागले, जो त्यांच्या डोळ्यांवरच होता. मी तिचा फोटो परत लाईटबॉक्सवर लावला, तिला खुर्चीसकट जवळ ओढलं आणि तिचं फुप्फुस तिला दाखवलं.